आईच्या दुखण्याचं नाव कोण घेणार?

तुमच्या प्लेलिस्टमध्ये काय काय आहे? ब्रेकअपची गाणी असतील, रॅप असेल, वरातीत वाजणारी असतील. आपण धाराशिवचे, म्हणजे तुळजाभवानीची गाणी तर असणारच. पण आईला कॅन्सर झालाय आणि ते कळल्यावर घरातली माणसं एकमेकांशी काय बोलतात, यावरचं एखादं गाणं आहे का?

बहुतेक नसेल. ‘असलं रडकं गाणं कोण ऐकणार?’ असंही तुम्ही म्हणाल.

पण ऐकणारे आहेत. अमेरिकेत २०११ मध्ये मार्टिना मॅकब्राइड या गायिकेचं ‘आयॅम गॉना लव्ह यू थ्रू इट’ हे सिंगल आलं. सिंगल म्हणजे अल्बममधून निवडून रेडिओसाठी वेगळं काढलेलं गाणं. त्यातली बाई आहे ३८ वर्षांची, तीन लेकरांची आई. तिला स्तनाचा कॅन्सर झाल्याचं कळतं आणि नवरा तिला सांगतो की या सगळ्यात मी तुझ्यासोबत आहे. बस, एवढंच गाणं. चमत्कार नाही, व्हिलन नाही. या आजारातून बऱ्या झालेल्या खऱ्याखुऱ्या बायका त्याच्या व्हिडिओत दिसतात.

हे गाणं कंट्री प्रकारातलं. कंट्री म्हणजे तिकडचं गावाकडचं संगीत. गिटार, फिडल, बँजो अशी वाद्यं आणि शेत, ट्रक, चर्च, दारू, आई-बाप असे विषय. आपल्या लोकगीतांसारखंच गावात जन्मलेलं आणि पुढं मोठा धंदा झालेलं. या संगीतात आजारपणाची गाणी काही नवीन नाहीत. टिम मॅग्रॉ या गायकाचे वडील टग मॅग्रॉ नावाजलेले बेसबॉलपटू होते. हे आपले वडील आहेत, हेच टिमला वयाच्या अकराव्या वर्षी जन्मदाखला हाती लागल्यावर कळलं. बाप-लेक जवळ आले ते उशिरानं. जानेवारी २००४ मध्ये मेंदूच्या कॅन्सरनं वडील गेले आणि त्याच वर्षी टिमचं ‘लिव्ह लाइक यू वर डाइंग’ आलं. मरण समोर दिसल्यावर माणूस कसा जगायला लागतो, यावरचं. गाणं लिहिलं होतं दुसऱ्यांनी, पण लोकांनी ते बापासाठी लेकानं म्हटलेलं गाणं म्हणूनच ऐकलं. ग्लेन कॅम्पबेल यांनी तर स्वतःला अल्झायमर झाल्याचं २०११ मध्ये जाहीर केलं आणि आपण हळूहळू सगळं विसरणार आहोत, यावरच शेवटचं गाणं रेकॉर्ड केलं. ते ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेलं.

आता तुम्ही विचाराल, त्या अमेरिकेच्या गाण्यांचं आम्ही परंडा-भूम-कळंबच्या पोरांनी काय करायचं?

तर मुद्दा गाण्याच्या चालीचा नाहीच. या गाण्यांमध्ये दुखण्याचं नाव घेतलं जातं, ते घरात घेतलं जातं आणि वेळेत घेतलं जातं, हा मुद्दा आहे. आणि नेमकी हीच गोष्ट आपल्याला जड जाते.

आपल्याकडं गाणी होतीच की

दुखण्याबद्दल गाणं म्हणायची पद्धत आपल्याकडं नव्हती, असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही. तुमच्या आजीला विचारा. पहाटे जात्यावर बसून बायका ओव्या म्हणायच्या. त्यात विठ्ठल असायचा, माहेर असायचं, भाऊ असायचा आणि दुखणंही असायचं. गंभीर आजाराला ओवीत शब्द आहे ‘जिवाला जड’. बाईच्या जिवाला जड झालं की पुढं येतं ते कोण धावून आलं, उशाशी कोण बसलं, माहेरी सांगावा कुणी नेला. म्हणजे मार्टिना मॅकब्राइडच्या गाण्यात जो प्रश्न आहे, तोच. दुखण्यात माझ्याजवळ कोण?

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुण्यातून सुरू केलेल्या कामात महाराष्ट्रभरातल्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या आहेत. ‘पारी’ या संस्थेनं त्या ऑनलाइन आणल्यात. मोबाइलवर ऐकता येतात. एकदा ऐकून बघा, आपल्या आज्या किती स्पष्ट बोलत होत्या ते कळेल.

साथीच्या रोगांचीही गाणी होती. पटकी आली की मरीआईचा गाडा निघायचा, पोतराज यायचा. एका रोगाचं तर नावच ‘देवी’. अंगावर फोड आले की ‘देवी आल्या’ म्हणायचे. आज आपण त्याला अंधश्रद्धा म्हणून मोकळे होतो. त्यानं रोग बरा होत नव्हता, हे खरंच आहे. देवीचा रोग गेला तो लसीनं. १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं तो जगातून संपल्याचं जाहीर केलं. पण त्या गाण्यांनी एक काम केलं होतं. भीती चारचौघांत आणली होती. घरातलं दुखणं गावाला ठाऊक असायचं, त्यासाठी गाव एकत्र यायचं.

या दुखण्याला देवी नाही

कॅन्सरचं तसं झालं नाही. पटकीला मरीआई होती, कॅन्सरला कुणीच नाही. त्याचं गाणंही नाही. त्याचं तर नावही घ्यायचं नाही. ‘मोठं दुखणं’ म्हणायचं, ‘गाठीचं दुखणं’ म्हणायचं किंवा नुसतंच ‘ते’. पेशंटला सांगायचं नाही, शेजाऱ्यांना सांगायचं नाही, पोरीचं लग्न ठरायचंय म्हणून पाहुण्यांना तर अजिबातच सांगायचं नाही.

संदीप सावंत यांचा ‘श्वास’ बघितलाय का? २००४ मधला सिनेमा. श्यामची आई नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळवणारा हा मराठी सिनेमा, भारताकडून ऑस्करलाही गेला. कोकणातला एक आजोबा नातवाला शहरात डॉक्टरकडं घेऊन येतो. पोराच्या डोळ्यांना कॅन्सर आहे. जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. आणि डॉक्टर म्हणतात, ऑपरेशनच्या आधी हे पोराला सांगावं लागेल. सगळा सिनेमा तिथं येऊन थांबतो. सांगायचं कुणी? कसं? ऑपरेशनपेक्षा ते सांगणं अवघड, हे त्या सिनेमानं बरोबर पकडलं होतं.

बायकांच्या बाबतीत हे अजूनच अवघड. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर घ्या. आपल्याकडं सरसकट ‘पिशवीचं दुखणं’ म्हणतात. त्याची लक्षणं कोणती? संबंधानंतर रक्त जाणं, दोन पाळ्यांच्या मध्येच रक्त जाणं, पाळी कायमची गेल्यावर पुन्हा अंगावरून जाणं, वास येणारं पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं. यातलं काय आई नवऱ्यासमोर बोलणार? लेकासमोर? ती जावेला सांगेल, फार तर आशाताईला सांगेल. पण दवाखान्यात जायचे पैसे, गाडी आणि ‘चल’ म्हणण्याचा अधिकार बहुतेक घरांत पुरुषांच्या हातात. ज्याच्या हातात निर्णय, त्याच्या कानावर दुखणंच जात नाही. मग काय होतं? मराठीत त्याला नेमका शब्द आहे. बाई दुखणं अंगावर काढते.

म्हणून मॅकब्राइडच्या गाण्यात नवरा बोलतो, ही साधी गोष्ट नाही. तिथं दुखणं बायकांच्या कुजबुजीतून बाहेर येऊन घरच्या पुरुषाच्या तोंडी आलेलं आहे.

उत्तर आपल्याच जिल्ह्यात सापडलं होतं

आता जे सांगणार आहे, ते आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक कॉलेजमध्ये माहीत असायला हवं. 

१९८७ मध्ये बार्शीत ग्रामीण भागासाठी कॅन्सरची नोंदणी सुरू झाली. भारतातली ही पहिली ग्रामीण नोंदणी. त्यात सोलापूर जिल्ह्यातला बार्शी तालुका आणि आपल्या जिल्ह्यातले परंडा आणि भूम. कुणाला, कुठल्या गावात, कोणता कॅन्सर झाला याची रीतसर नोंद. पण खेड्यातला पेशंट आपणहून दवाखान्यात येईना. मग नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलचे लोक गावोगाव फिरायला लागले. चावडीवर, घराघरांत बसून कॅन्सरची लक्षणं सांगायला लागले. शंका असेल त्याला बार्शीला यायला राजी करायला लागले. नवीन मशीन नाही, नवीन औषध नाही. नुसतं बोलणं. आणि काही वर्षांत आकडे हलले. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर आधीच्या टप्प्यात सापडणाऱ्या बायकांचं प्रमाण वाढलं. १९९५ मध्ये हा अभ्यास आंतरराष्ट्रीय जर्नलमध्ये छापून आला.

यानंतरचं काम त्याहून मोठं. १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात एक अभ्यास सुरू झाला. बार्शीचं हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून केलेला. गावं ४९७. बायका १,३१,७४६, वय ३० ते ५९. गावांचे ५२ गट केले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ते चार प्रकारांत वाटले. एका प्रकारात एचपीव्ही या विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पॅप स्मिअर, तिसऱ्यात सौम्य आम्लाचा फाया लावून डोळ्यांनी बघणं आणि चौथ्यात नेहमीसारखंच, म्हणजे अभ्यासाकडून तपासणी नाही, फक्त माहिती.

एचपीव्ही म्हणजे ह्युमन पॅपिलोमा व्हायरस. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर जवळजवळ नेहमी याच विषाणूमुळं होतो. संसर्गापासून कॅन्सर व्हायला साधारण १५ ते २० वर्षं जातात. म्हणजे पकडायला वेळ भरपूर असतो. शोधलं मात्र पाहिजे.

आठ वर्षांनी हिशेब मांडला. एचपीव्ही तपासणीच्या गटात ३४,१२६ बायका होत्या, त्यातल्या ३४ जणी या कॅन्सरनं गेल्या. तपासणी नसलेल्या गटात ३१,४८८ बायका होत्या, तिथं ६४ जणी गेल्या. दुसऱ्या टप्प्यात किंवा त्यापुढं गेलेला कॅन्सर पहिल्या गटात ३९ जणींना, तपासणी नसलेल्या गटात ८२ जणींना. आयुष्यात एकदा, फक्त एकदा केलेल्या तपासणीनं मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या जगातल्या नामांकित जर्नलमध्ये हा निष्कर्ष आला आणि जगभरच्या तपासणी धोरणांच्या चर्चेत उस्मानाबादचं नाव घेतलं जाऊ लागलं.

या अभ्यासावर टीकाही झाली आणि ती तुम्हाला माहीत असायला हवी. चौथ्या गटातल्या बायकांना तपासणी का दिली नाही? पाहणी करून जीव वाचतो का हे बघण्यासाठी काही बायकांना तपासणीशिवाय ठेवणं योग्य का? हा प्रश्न वैद्यकीय नीतिशास्त्राच्या अभ्यासकांनी विचारला. संशोधकांचं म्हणणं होतं की त्या वेळी गावांत तशी कुठलीच तपासणी मिळत नव्हती, म्हणजे नेहमीची सेवा तीच. दोन्ही बाजू वाचा, तुमचं मत बनवा. पण एक विसरू नका. ते ६४ आणि ते ३४ हे नुसते आकडे नव्हेत. त्या आपल्या जिल्ह्यातल्या बाया होत्या. तेव्हा तिशी ते साठीच्या दरम्यान असलेल्या, म्हणजे तुमच्या आजीच्या, मावशीच्या, चुलतीच्या वयाच्या. कदाचित तुमचीच आजी त्या यादीत असेल. एकदा विचारून तर बघा.

आता दुसरा आकडा बघा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची तपासणी कधीतरी केलेल्या किती? १.९ टक्के. शंभरात दोघीही नाहीत. ज्या जिल्ह्यानं तपासणीचा फायदा जगाला दाखवला, त्या जिल्ह्याच्या देशात ही गत. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात या एका कॅन्सरचे वर्षाला सव्वा लाखाहून जास्त नवे पेशंट आणि सुमारे ८० हजार मृत्यू होतात. 

नाव घ्या, भीती घालू नका

इथं एक सावधगिरीची गोष्ट. कॅन्सरचं नाव घेणं वेगळं आणि कॅन्सरची भीती घालणं वेगळं. शेजारच्या बीड जिल्ह्यात काय झालं ते तुम्ही वाचलं असेल. २०१९ मध्ये राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ऊसतोडीला जाणाऱ्या ८२,३०९ बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली निघाली. त्यातल्या कितीतरी जणी ऐन तारुण्यातल्या. पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल, असं आपल्याला सांगितलं गेल्याचं अनेक बायकांनी नंतर बोलून दाखवलं.

म्हणजे बघा, एकीकडं कॅन्सरचं नाव घ्यायचं नाही म्हणून बाई दुखणं अंगावर काढते. दुसरीकडं त्याच नावाचा धाक दाखवून तिची पिशवी काढली जाते. दोन्हीकडं माहिती तिच्या हातात नाही. पांढरं जातंय म्हणजे कॅन्सर नव्हे. आधी तपासणी, मग निदान, मग उपचार हा क्रम असतो. ‘आधी काढून टाकू, मग बघू’ असं कुणी म्हणत असेल तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचा तुमच्या आईला पूर्ण अधिकार आहे. हा क्रम तिला कुणी समजावायचा? घरात शिकलेलं कोण आहे? तुम्हीच ना?

मग करायचं काय?

पहिलं, तपासणी. सरकारच्या कार्यक्रमात तीस वर्षांपुढच्या सगळ्यांसाठी तोंडाच्या आणि बायकांसाठी स्तनाच्या व गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची तपासणी ठरलेली आहे. तुमच्या गावच्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करा. आशाताईंना विचारा, त्यांच्याकडं यासाठीचा फॉर्मच असतो. तिथं साधारणपणे आम्लाच्या फायाची तपासणी होते. आपल्या जिल्ह्यातल्या अभ्यासात ही तपासणी एकदाच केल्यावर मृत्यूंमध्ये ठळक फरक दिसला नव्हता. मुंबईतल्या झोपडपट्ट्यांत मात्र ती दर दोन वर्षांनी केल्यावर मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. अर्थ काय, तर ही तपासणी ‘एकदा केली, झालं’ अशी सोडायची नाही. एचपीव्ही तपासणी जिथं मिळेल तिथं ती जास्त भरवशाची.

दुसरं, लस. ही गोष्ट तुमच्या बहिणींसाठी आणि तुमच्यासाठीही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं जानेवारी २०२३ मध्ये एचपीव्हीवरची ‘सर्व्हाव्हॅक’ ही भारतीय लस आणली. २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात केंद्र सरकारनं ९ ते १४ वर्षांच्या मुलींच्या लसीकरणाला प्रोत्साहन देणार असल्याचं जाहीर केलं. आणि इथंही बार्शी आहेच. २००९ मध्ये देशात नऊ ठिकाणी लसीचे दोन डोस पुरतात की तीन लागतात, याचा अभ्यास सुरू झाला. त्यात बार्शीही होतं. दुसऱ्याच एका प्रकल्पावरून वाद झाल्यावर २०१० मध्ये सरकारनं असं लसीकरण थांबवलं. तोवर १७,७२९ मुलींना लस मिळाली होती आणि त्यातल्या काही हजार जणींना एकच डोस. पुढं दहा वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं, तर एका डोसनंही चांगलं संरक्षण मिळतंय असं दिसलं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं एका डोसचा पर्याय मान्य केला, त्यात या अभ्यासाचाही वाटा आहे. कुणाला कोणत्या वयात किती डोस, हे मात्र डॉक्टरांनाच विचारा, रिल बघून ठरवू नका.

तिसरं, खर्चाची भीती. उपचारांचा खर्च ऐकूनच अनेक घरं गप्प बसतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या अनेक उपचारांचा समावेश आहे. ऑपरेशन ठरायच्या आधीच हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटायचं, कागद कोणते लागतात ते लिहून घ्यायचं. हे काम तुम्ही आई-वडिलांपेक्षा झटपट करू शकता.

आणि चौथं, सगळ्यात अवघड. बोलणं. मुलींनो, तुम्ही आईशी बोलालच. पण मुलांनो, हे तुमचंही काम आहे. गाडीची किल्ली तुमच्याकडं असते, वडिलांशी व्यवहाराचं तुम्ही बोलता. ‘हा बायकांचा विषय’ म्हणून उठून जाऊ नका. कंट्री गाण्यातला तो नवरा काही डॉक्टर नव्हता. त्यानं फक्त विषय टाळला नाही.

एनएसएसच्या शिबिरात रांगोळ्या, पथनाट्यं करताच की. एखादं पथनाट्य यावर करा. गावातल्या आज्यांकडून दुखण्याच्या ओव्या लिहून घ्या, रेकॉर्ड करा. त्याच चालीवर कुणाला नवी ओवी सुचली तर त्यात दुखण्याचं खरं नाव येऊ द्या. गावच्या बायकांना पोस्टरपेक्षा ती लवकर पोचेल.

रविवारी एसटीनं घरी जाल तेव्हा आईला एवढंच विचारा, ‘तू कधी तपासणी केलीयस का?’ ती म्हणेल, ‘मला काय धाड भरलीय?’ हे उत्तर येणार हे धरूनच चला आणि पुढचं वाक्य तयार ठेवा. ‘धाड भरायच्या आधीच करायची असते. मंगळवारी उपकेंद्रात जायचंय, मी येतोय बरोबर.’